‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले की समोरचा मागे राहतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की तोही चपला घालतो. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींसाठी ‘नावु’ हा एकच शब्द. त्यात समोरचा धरला आहे की नाही, ते प्रसंगावरून ओळखायचे. आपल्या सीमाभागात आई मराठी आणि अज्जी कन्नड अशी कितीतरी घरे आहेत. तिथली मुले ही खुबी कोणी न शिकवता सांभाळतात. पण १ नोव्हेंबर जवळ आला, एकीकडे राज्योत्सवाची आणि दुसरीकडे काळ्या दिनाची तयारी सुरू झाली, की याच मुलांना कोणीतरी विचारते, ‘तू कुणाच्या बाजूचा?’

सीमाप्रश्नाचा न्यायनिवाडा हा या लेखाचा विषय नाही. माणसांचे ‘आम्ही’ कसे तयार होते आणि त्याचे ‘आपण’ कशाने होते, एवढेच येथे पाहायचे आहे. समाज-मानसशास्त्राने या प्रश्नाचा बराच अभ्यास केला आहे.

भेदाला कारण लागतेच असे नाही

हेन्री ताजफेल हे मूळचे पोलंडमधील ज्यू. महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी होते. घरची माणसे त्यांनी नरसंहारात गमावली. पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. ते १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि ‘तुमच्या आवडीनुसार’ म्हणून दोन गट केले. खरे तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग प्रत्येकाला इतरांमध्ये गुण वाटायला सांगितले. गुणांचे पुढे पैसे मिळणार होते. स्वतःला मात्र काही घेता येत नव्हते.

तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण ‘त्यांच्या’पेक्षा जास्त मिळाले पाहिजे, याकडे अनेकांचा कल दिसला. जुने वैर नाही, भाषा वेगळी नाही, धर्म वेगळा नाही. नुसते नाव पुरले.

बावीस मुलांची छावणी

मुझफर शेरीफ हे तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ. १९५४ च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात छावणी भरवली. साधारण अकरा वर्षांची बावीस मुले, सगळी सारख्याच मध्यमवर्गीय घरांतली, एकमेकांना अनोळखी. दोन गट वेगवेगळे आणले. आठवडाभर एकाला दुसऱ्याची गाठ पडू दिली नाही. गटांनी स्वतःला नावे घेतली, ‘रॅटलर्स’ आणि ‘ईगल्स’. मग बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. जिंकणाऱ्यांना चाकू आणि पदके, हरणाऱ्यांना काही नाही. चार-पाच दिवसांत शिवीगाळ, झेंडा जाळणे, खोल्यांवर धाडी, इथवर मजल गेली.

आता समेट कसा करायचा? आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला. काही उपयोग झाला नाही. पंगतीत अन्नच एकमेकांच्या अंगावर उडाले. मग छावणीचे पाणी बंद पडले आणि टाकीपासूनची वाहिनी सगळ्यांना मिळून तपासावी लागली. चित्रपट भाड्याने आणायला एका गटाचे पैसे पुरेनात, तेव्हा दोघांनी वर्गणी काढली. जेवण आणणारी गाडी बंद पडली, तेव्हा रस्सीखेचीच्या दोरानेच सर्वांनी मिळून ती ओढली. या अडचणी अर्थात मुद्दाम घडवलेल्या होत्या. एका खेपेत वैर गेले नाही. पण हळूहळू गेले. परतताना मुलांनी एकाच बसमधून जाण्याचा आग्रह धरला.

फसलेली छावणी

ही कथा पाठ्यपुस्तकांत आहे. तिच्या आदल्या वर्षीची कमी सांगितली जाते. १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह येथे शेरीफ यांनी अशीच छावणी भरवली होती. तिथे मुलांना पहिल्यांदा एकत्र राहू दिले, मैत्र्या जुळल्या, आणि मग त्यांना दोन गटांत वाटले. भांडण पेटावे म्हणून छावणीतल्या मोठ्यांनी गुपचूप वस्तूंची नासधूस केली. संशय दुसऱ्या गटावर जावा, हा हेतू. पण मुले एकमेकांशी बोलली आणि त्यांचा संशय मोठ्यांवरच गेला. प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागला. लेखिका जीना पेरी यांनी २०१८ च्या पुस्तकात ही हकिकत विस्ताराने मांडली आहे.

आपल्या द्वैभाषिक घरांना या दुसऱ्या छावणीतून घेण्यासारखे जास्त आहे. ज्याला समोरच्या गटातले कोणी नावानिशी ठाऊक असते, तो ऐकीव गोष्टीवर दगड उचलत नाही. आधी जाऊन विचारतो. मामा मराठी आणि काका कन्नड असलेले मूल असे विचारू शकते. त्याला ‘एक बाजू निवड’ म्हणणे म्हणजे दोन्ही गटांना जोडणारा दुवा आपल्याच हाताने तोडणे. ‘मी दोन्ही घरचा’ हे त्याचे उत्तर पळवाट नव्हे, खरी माहिती आहे. घरातल्या मोठ्यांनी ते त्याला ठामपणे द्यायला शिकवावे. मात्र सण-समारंभात एकाच भाषेच्या नातेवाइकांची चेष्टा होत असेल, तर मूल ते उत्तर फार दिवस देणार नाही.

शेजार पुरेसा नाही

‘आपण वर्षानुवर्षे शेजारी राहतो, आणखी काय हवे?’ असे आपण म्हणतो. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवले आहे, की नुसता संपर्क पुरत नाही. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवे, काम सहकार्याने व्हावे आणि वडीलधाऱ्यांचा, संस्थांचा त्याला पाठिंबा हवा.

याचे अलीकडचे भारतीय उदाहरण क्रिकेटचे आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जे एकाच संघात मिळून खेळले, त्यांच्यात जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीच्या खेळाडूंशी प्रतिस्पर्धी म्हणून गाठ पडली, तिथे परिणाम उलट दिसला.

म्हणजे सलोख्यासाठी ‘मराठी संघ विरुद्ध कन्नड संघ’ असा मैत्रीचा सामना ठेवण्यात धोका आहे. संघच मिसळून करावेत. गणेश मंडळाच्या समितीत नावापुरता एक सभासद घेण्यापेक्षा हिशेबाची वही दोघांच्या हाती द्यावी. गल्लीत पाणी येत नसेल तर अर्ज दोन्ही भाषांत, एकाच कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनी द्यावा. नळ दोन्ही घरांचा कोरडा असतो, तेव्हा ‘आपण’ म्हणायला फार शिकवावे लागत नाही. अशा कामांची सुरुवात १ नोव्हेंबरच्या आठवड्यात नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी झाली पाहिजे.