‘‘वहिनी, शेठ नाहीत का?’’

गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारायचं. शेठ घरी अंथरुणावर होते. २००४ साली ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कळव्यातलं आमचं सिमेंट-लोखंडाचं दुकान माझ्यावर येऊन पडलं. तोवर माझा दुकानाशी संबंध काय, तर दुपारचा डबा आणि दसऱ्याची पूजा! दीर म्हणाले, ‘‘गाळा भाड्याने देऊन टाका, बायकांचा धंदा नव्हे हा.’’ पण आमची उधारी सगळीकडे पसरलेली. शटर खाली गेलं की ती बुडालीच, एवढं मलाही कळत होतं.

शिकवलं ते आमच्या जुन्या हमालमामांनी. गोणीत हात घालायचा, सिमेंट गार लागलं पाहिजे. खडा लागला तर बोटांनी चिरडायचा. पीठ झालं तर ठीक, नाही झालं तर सिमेंट मेलं. गोण्या फळ्यांवर रचायच्या, भिंतीपासून फूटभर लांब. खाडीची रेती स्वस्त पडते, पण नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ स्लॅबमधली सळई खातं. आणि सळईचं वजन? व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, भागिले १६२, की मीटरला किती किलो ते निघतं. शाळेत गणिताचा पेपर म्हटला की माझ्या पोटात गोळा यायचा, हे सूत्र मात्र एका दुपारीत पाठ झालं. स्वतःचा पैसा गुंतला की डोकं चालतं बाई! १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई म्हणजे साधारण १०.६७ किलो. एकदा अशा ४० सळ्यांचं चलन ४५० किलोचं आलं. मी हिशेब करून ४२७ म्हटलं, तर टेम्पोवाला हसला. वजनकाट्यावर नेला त्याला. मग नाही हसला.

२६ जुलै २००५ च्या पावसात दुकानात कमरेएवढं पाणी शिरलं. खालच्या थरातल्या गोण्यांचे दगड झाले, वरच्या नुसत्या दमट. बँकेचा हप्ता तोंडावर, ह्यांची औषधं, मुलीची फी. एक ठेकेदार आला. ‘‘वहिनी, चाळून घेतो, निम्म्या भावात द्या. कुंपणालाच तर वापरायचंय.’’ मी २० गोण्या दिल्या. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याची लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली. बेकायदा, घाईघाईने चढवलेले मजले. ७४ माणसं गेली. टीव्हीवरचं ते बघवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं. आमचा माल तिथे कधी गेलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या रात्री माळ्यावरून २००५ ची वही काढली. नोंद सापडली, ‘२० गोणी, रोख’. ना नाव, ना पत्ता. अक्षर माझंच. ते कुंपण खरंच कुंपण होतं, की कोणाच्या डोक्यावरचा स्लॅब?

तेव्हापासून पावसाळ्यात गोणी दमट निघाली की मी दुकानासमोरच ती फाडायला लावते आणि वर बादलीभर पाणी ओतते, म्हणजे कोणी उचलून न्यायला नको. मुलगा कुरकुरतो, ‘‘आई, हे पैसे ओततेयस तू.’’ त्याचंही चूक नाही. २०१७ पासून जीएसटीची बिलं संगणकावर निघतात, पण शेजारी माझी एक छोटी वही असते. माल कुठे जातोय, कशाला लागणार आहे, ते विचारून लिहिते. काही गिऱ्हाइकं चिडतात, दोघं-तिघं कायमची दुसरीकडे गेली.

ह्यांना आता काठीच्या आधाराने चालता येतं. संध्याकाळी येऊन दारातल्या खुर्चीत बसतात. नवीन कोणी ‘शेठ’ म्हणत त्यांच्याकडे वळलं, की डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवतात आणि पुन्हा पेपर वाचायला लागतात.