हाल्प द्राय म्हणजे अडीच!

अमरावतीहून रेल्वेने अकोल्याला जायचे तर पुष्कळदा बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. फलाटावर उतरले की समोर दिसेल त्याला आपण विचारतो, "भाऊ, अकोल्याची गाडी कोठी लागते?" उत्तर येते, "पुलावून पल्याड जा ना, बाप्पा!" अर्धे उत्तर तोंडाने, अर्धे हाताने. तरी ते आपल्याला नेमके कळते.

हाच प्रश्न जर्मनीत विचारायची वेळ आली तर? वऱ्हाडातल्या मुलामुलींसाठी हा आता कल्पनेतला प्रश्न राहिलेला नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीचे उद्दिष्ट 10,000 जणांचे ठेवले. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशी ही कामे. तिथे जायचे तर जर्मन शिकणे आलेच.

माझी अकोल्याची भाची परिचारिका आहे. तीही जर्मन शिकू लागली. सुटीत अमरावतीला आली की वही उघडून माझ्यासमोर बसते. एकदा म्हणाली, "मामू, विचारायला जमते मला. पण समोरचा बोलायला लागला की काहीच कळत नाही."

खरी अडचण हीच आहे. प्रश्न आपण पाठ करून जातो, उत्तर पाठ करता येत नाही.

प्रश्न तसा सोपा असतो. आधी 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे माफ करा. अनोळखी माणसाला 'झी' म्हणजे तुम्ही म्हणायचे, 'डू' म्हणजे तू नाही. मग 'वी कोमं इश त्सुम बानहोफ?', म्हणजे स्टेशनवर कसा जाऊ? किंवा 'वो मुस इश उमश्टायगन?', म्हणजे गाडी कुठे बदलावी लागेल? या वाक्यात क्रियापद 'उमश्टायगन' शेवटी येते. मराठी माणसाला त्याचे काय नवल! आपले सारे बडनेरे त्या एका शब्दात मावते.

उत्तरात 'लिंक्स' म्हणजे डावीकडे, 'रेश्ट्स' उजवीकडे, 'गेराडेआउस' सरळ आणि 'ग्लाइस' म्हणजे रूळ, अर्थात फलाटाचा क्रमांक. हे चार शब्द कानाला ओळखीचे झाले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे आकड्यांचे.

जर्मनमध्ये बेचाळीसला 'त्स्वाय-उंट-फीर्त्सिश' म्हणतात, म्हणजे दोन आणि चाळीस. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो आणि 42 ऐवजी 24 नंबरच्या बसमध्ये चढतो. आपण मात्र बेचाळीसमध्ये दोन आधीच म्हणतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणण्याची रीत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! ती जुनी जोडाक्षरी रीत जर्मन शिकताना उपयोगी पडते.

वेळेचे त्याहून गमतीचे. 'हाल्प द्राय' याचा शब्दशः अर्थ अर्धा तीन. इंग्रजीच्या सवयीने कुणी साडेतीन समजला तर त्याची गाडी तासाभरापूर्वीच गेलेली असते. कारण हाल्प द्राय म्हणजे अडीच. आता आपला 'अडीच' कुठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय' वरून. म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा! आमच्या घरच्या उर्दूतला 'ढाई'ही त्याच घरातला. आपण ही रीत अडीचपाशी थांबवली, जर्मनांनी ती बाराही तासांना लावली. म्हणून 'हाल्प फीर' म्हणजे साडेतीन. बाडेन-व्युर्टेमबर्गच्या बऱ्याच भागात तर 'फिर्टल द्राय' म्हणजे सव्वादोन आणि 'द्रायफिर्टल द्राय' म्हणजे पावणेतीन. पाव, अर्धा, पाऊण हे पाढे घोकलेल्या आपल्या आजोबांना हे चटकन उमगले असते.

स्टेशनच्या फलकावर मात्र 14:30 असेच लिहिलेले असते. म्हणून ऐकलेली वेळ चोवीस तासांच्या घड्याळात वहीत लिहावी आणि ती समोरच्याला दाखवावी. नाहीच कळले तर 'नोख आइनमाल, बिटं' म्हणावे, म्हणजे कृपया पुन्हा एकदा. त्यात लाज कसली?

आणखी एक. तिथल्या ट्राममध्ये आपल्या एस.टी.सारखा कंडक्टर नसतो. तिकीट आधी घ्यायचे, काही ठिकाणी ते यंत्रात घालून शिक्काही उमटवायचा. तपासणीत विनातिकीट सापडले तर 60 युरो भरावे लागतात. तिथे 'मास्तर, सांगा बरं का!' म्हणून निर्धास्त झोपता येत नाही.

हल्ली आमचा सराव चालतो. ती विचारते, मी वहीतले उत्तर मुद्दाम घाईघाईने वाचतो. परवा मी 'हाल्प द्राय' म्हणालो आणि तिने 15:30 लिहिले. मी काहीच बोललो नाही. तिने वहीकडे पाहिले, जीभ चावली आणि म्हणाली, "मामू, गाडी गेली न!"

म्हटले, "जाऊ दे. घरात गेली, ते बरे झाले."