लेखणी हाती आली, आता कळफलकही घ्या!

वाचकहो, मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. वयाची पासष्टी ओलांडली आहे. चाळीस वर्षे कथा लिहिल्या, त्या फुलस्केप कागदावर, निळ्या शाईने. संगणक ही बँकेतल्या बाबूंची आणि नोकरी शोधणाऱ्या पोरांची वस्तू, लेखकाचे तिच्याशी काय काम, असे मी मानत होतो. ती माझी चूक होती. किती महागात पडली, ते सांगण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी माझा कथासंग्रह मोर्णेपलीकडच्या एका डीटीपीवाल्याकडे टाइप करायला दिला. माझ्या कथेतली माय 'मले' म्हणते, 'तुले' म्हणते. प्रुफात मात्र ती 'मला', 'तुला' म्हणू लागली! विचारले तर उत्तर मिळाले, "काका, शुद्ध करून दिलं." जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केले, तिची जीभच कोणीतरी कापून टाकली होती. भांडून दुरुस्त्या करून घेतल्या. पुढे पैशांअभावी पुस्तक रखडले आणि ते दुकानही बंद पडले. हस्तलिखित तिथेच गेले. हाती उरली एक सीडी.

परवा नातीने ती सीडी लावली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा नुसता कचरा! मग तिनेच उलगडून सांगितले. जुन्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी अक्षरे साठवलीच जात नव्हती. साठवले जात ते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि ठरावीक फॉन्ट त्यांना मराठी रूप देत असे. तो फॉन्ट नसला की सगळी भाषा बेपत्ता. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. 'क'चा २३२५, 'ळ'चा २३५५. अकोल्यात लिहिलेले लंडनमध्येही तसेच वाचता येते.

जुन्या फॉन्टचे युनिकोड करून देणारी साधने आता मिळतात. त्यातून माझ्या कथा परत आल्या, पण जोडाक्षरे मोडलेली, वेलांट्या सरकलेल्या. त्या नीट कोण करणार? पुन्हा कोणाच्या दुकानात जायची माझी तयारी नव्हती. म्हणून या वयात कळफलकापुढे बसलो.

इनस्क्रिप्ट नावाची पद्धत शिकलो. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. पहिल्याच दिवशी 'वऱ्हाड' लिहायला गेलो तर 'वर्हाड' उमटले. आपल्याच मुलखाचे नाव लिहिता येईना! त्यासाठी साधा 'र' चालत नाही, शिफ्ट दाबून दुसरा 'ऱ' घ्यावा लागतो. हात थरथरत होता. नात म्हणाली, "आबा, घाबरू नोका. चुकलं त पुसता येते, कागद नाही फाटत."

खरा प्रश्न पुढेच उभा राहिला. 'मले' लिहिले की त्याखाली लाल रेघ. 'काहाले' लिहिले, लाल रेघ. तो डीटीपीवाला आता यंत्रात येऊन बसला होता! यंत्र कोणाच्या भाषेला प्रमाण मानते आणि कोणाच्या भाषेला चूक ठरवते, हा प्रश्न तांत्रिक नाही, सामाजिक आहे. शाळेतल्या गुरुजींची लाल शाई आपण भोगली आहे. फरक इतकाच की इथे उत्तर आपल्या बोटात आहे. त्या शब्दावर उजवी कळ दाबून 'शब्दकोशात जोडा' म्हटले की रेघ जाते. एका महिन्यात मी दोनशेच्या वर वऱ्हाडी शब्द जोडले. शाळेतल्या लाल शाईला असे उत्तर कधी देता आले नव्हते.

बंधूंनो, लिहिलेले जपणे हेही चळवळीचेच काम आहे. बाबासाहेबांच्या अखेरच्या काळात नानकचंद रत्तू त्यांचे लेखन टंकलिखित करून देत. तरीही महापरिनिर्वाणानंतर कितीतरी अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्याचे खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या विदर्भाच्या वसंत मून यांनी त्या कागदांवर अपार कष्ट घेतले. 'रिडल्स इन हिंदुइझम' तर १९८७ साली छापले गेले, म्हणजे एकतीस वर्षांनी! प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या कागदांची ही कथा, तर तुमच्या-माझ्या वह्यांचे काय होणार? वस्तीवस्तीत किती शाहिरांच्या, कवींच्या, कार्यकर्त्यांच्या वह्या लोखंडी पेट्यांत आहेत. म्हातारा गेला की त्या रद्दीत जातात. त्यांच्यासोबत आपला लिहिलेला इतिहासही जातो.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्येष्ठ साहित्यिकांनी लाज सोडून नातवंडांपुढे विद्यार्थी व्हावे. संगणक नसेल तर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहावे. शिकलेल्या पोरांनी विहाराच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ बसून एकेक वही उतरवावी. मात्र उतरवताना 'शुद्ध' करू नये. लिहिणाऱ्याने लिहिले तसेच ठेवावे. आणि प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये, निदान तीन ठिकाणी ठेवावी. सीडीने मला हा धडा दिला आहे.

माझी शेवटची कथा काल दुरुस्त झाली. त्यातली माय पुन्हा 'मले' म्हणते आहे.

जयभीम.