पागेराचं शिसं

करवंट्या धडधडून पेटल्या आहेत. पाळीत, म्हादईच्या काठाजवळच्या एका अंगणात, तीन दगडांवर कढई आणि कढईत जुन्या केबलीवरून सोलून काढलेलं शिसं. कडेकडेने त्याला घाम फुटल्यासारखं होतं आणि मग सगळा ढीग एकदम बसतो. ३२७ अंशांना वितळणारा धातू. साध्या चुलीलाही पुरतो.

काका मेणबत्तीचा तुकडा आत टाकतात. भपकन जाळ. वर आलेली राखाडी मळी पळीने बाजूला सारली की खाली आरसा, त्यात माडाची झावळी हलते. वारा पाठीवर घेऊन बसायचं, हा धूर नाकात जाता कामा नये.

पागेर म्हणजे फेकायचं जाळं; त्याच्या कडेच्या मण्यांचा लोखंडी साचा काजळीने काळा केलाय. भोक पडावं म्हणून मधून खिळा. पहिले चार मणी सुरकुतलेले निघतात. साचा अजून थंड आहे. काका ते मुकाट्याने परत कढईत टाकतात. पाचवा गुळगुळीत.

नातू न्हाणीतून ओल्या हातांनीच पुढे येतो.

"पयस राव, पुता!"

शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. काकांच्या मनगटावरचा पांढरा डाग त्याचाच.

मला मात्र शिसं म्हटलं की बंदूक आठवते. याच म्हादईच्या वरच्या अंगाला नाणूसचा किल्ला पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या दीपाजी राण्यांनी १८५२ साली घेतला. ठासणीच्या बंदुकांचा तो काळ, आणि त्यांची गोळी शिशाचीच. अमेरिकेत व्हर्जिनियात हौशी मंडळी आजही ठासणीच्या तोफांच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरवतात. ओबडधोबड गोळा वाकडा जातो, हे त्यांनाही चुकलेलं नाही. हे काकांना सांगतो.

"आणि माझा पागेर वाकडा पडला तर?" ते म्हणतात. "शेवटे मासे हसत जातात."

पागेर छत्रीसारखा उघडून पडतो, कडेचं शिसं त्याला तळाशी नेतं. मणी कमीजास्त वजनाचे असले तर एक बाजू आधी बुडते आणि दुसऱ्या बाजूने मासा पसार. म्हणून सोनाराकडच्या जुन्या काट्यावर एका पारड्यात नमुन्याचा मणी कायमचा बसलाय. दुसऱ्यात एकेक नवा येतो. जड निघाला तर कानशीने घासायचा, हलका निघाला तर पुन्हा कढईत.

चहा येतो. आधी साबणाने हात, तेही दोनदा. कढई गोठ्यामागच्या खुंटीला जाते. स्वयंपाकघरात तिला जागा नाही.