बिघाडाचा टक्का आणि टक्क्यातील बिघाड

यवत (ता. दौंड) : पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत हे गाव उसाच्या आणि गुळाच्या पट्ट्यातले. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो आणि त्या दिवशीच्या पिठले-भाकरीची चव वारकरी वर्षभर विसरत नाहीत. या गावाचा आणि शहरातील मुलांच्या हातातल्या व्हिडिओ गेमचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे तो मोजणीचा.

समजा, या पट्ट्यातील विहिरींवरच्या विजेच्या मोटारी वर्षाला किती जळतात, हे कोणाला मोजायचे आहे. तो मोटारी भरून देणाऱ्या दुकानासमोर जाऊन बसला, तर त्याच्या डोळ्यांसमोरून जाणारी जवळपास प्रत्येक मोटार जळालेलीच असेल. ज्या मोटारी विहिरीवर निमूटपणे पाणी उपसत आहेत, त्या दुकानात कशाला येतील? आता उलट उदाहरण घ्या. देहूहून निघालेल्यांपैकी किती जण वाटेत थकून परततात, हे यवतच्या मुक्कामावर उतरलेल्यांना विचारले, तर 'मी परतलो' असे सांगणारा एकही माणूस भेटणार नाही. जे परतले, ते यवतपर्यंत पोचलेच नाहीत. पहिल्या मोजणीत बिघाड फुगतो, दुसऱ्या मोजणीत तो नाहीसाच होतो. विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी कोणीही खोटे बोललेले नसते.

घरी चाळीस-पन्नास हजार रुपयांचा गेम कन्सोल आणताना, किंवा दुकानदाराने पुढे केलेल्या वाढीव वॉरंटीच्या कागदावर सही करताना, 'या कंपनीची यंत्रे शंभरात इतकी बिघडतात' असा आकडा आपल्यासमोर टाकला जातो. तो आकडा मोटारीच्या दुकानातला आहे की पालखीच्या मुक्कामावरचा, हे ओळखता आले नाही तर फटका खिशाला बसतो.

एकच यंत्र, चार आकडे

या बाबतीतले सर्वांत बोधप्रद उदाहरण मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'एक्सबॉक्स ३६०' या कन्सोलचे आहे. हे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत व सप्टेंबर २००६ मध्ये भारतात विक्रीस आले. चालू करण्याच्या बटणाभोवती त्याला चार भागांत विभागलेले दिव्यांचे कडे होते. त्यातील तीन भाग लाल होऊन लुकलुकू लागले, की यंत्र बंद पडले असे समजायचे. खेळाडूंनी या खुणेला 'मृत्यूचे लाल कडे' असे नाव दिले आणि तक्रारी जगभर वाढू लागल्या.

किती यंत्रे बिघडत होती? सुरुवातीला कंपनीचे म्हणणे असे, की बिघाडाचे प्रमाण या उद्योगात सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या ३ ते ५ टक्क्यांच्या मर्यादेतच आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये वाढीव वॉरंटी विकणाऱ्या 'स्क्वेअरट्रेड' या अमेरिकी कंपनीने आपल्या हजाराहून अधिक ग्राहकांच्या यंत्रांवरून १६.४ टक्के हा आकडा दिला. ऑगस्ट २००९ मध्ये त्याच कंपनीने सर्व प्रकारच्या मिळून १६ हजारांवर कन्सोलची नोंद तपासून दोन वर्षांतील बिघाडाचे प्रमाण २३.७ टक्के असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात 'गेम इन्फॉर्मर' या मासिकाने आपल्या सुमारे पाच हजार वाचकांच्या उत्तरांवरून ५४.२ टक्के हा आकडा छापला.

एकच यंत्र, आणि शंभरात तीनपासून चोपन्नपर्यंत उत्तरे! संख्याशास्त्रात नमुना लहान असल्यामुळे येणाऱ्या चुकीचा अंदाज बांधता येतो. यादृच्छिकपणे निवडलेल्या हजार यंत्रांवर आधारलेला १६.४ टक्क्यांचा आकडा साधारण सव्वादोन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. पाच हजारांच्या नमुन्यात हा फरक दीड टक्क्याच्या आत असतो. म्हणजे १६, २३ आणि ५४ यांतील अंतर केवळ योगायोगाने पडलेले नाही. विचारले कोणाला, विचारले काय आणि किती काळानंतर विचारले, या तीन गोष्टींत त्याचे मूळ आहे.

उत्तर देणारा कोण?

मासिकाच्या पाहणीत उत्तर देणे ऐच्छिक होते. ज्याचे यंत्र ऐन रंगात आलेल्या खेळात बंद पडले, तो हिरिरीने उत्तर देतो. ज्याचे ठीक चालले आहे, तो पान उलटून खेळायला जातो. याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा, हजार ग्राहकांपैकी २०० जणांची यंत्रे बिघडली आणि ८०० जणांची चांगली आहेत. म्हणजे खरे प्रमाण २० टक्के. बिघाड सोसलेल्यांपैकी निम्म्यांनी, म्हणजे १०० जणांनी उत्तर दिले. उरलेल्यांपैकी दहांत एकाने, म्हणजे ८० जणांनी दिले. एकूण उत्तरे १८० आणि त्यांत बिघाड १००. पाहणीचा निष्कर्ष निघेल ५५ टक्के! हे उदाहरण काल्पनिक आहे, पण वीस टक्क्यांचे पंचावन्न टक्के होण्यास कोणाच्या लबाडीची गरज नसते, एवढे त्यावरून कळते.

शिवाय गेमचे मासिक वाचणारा वर्ग रोज तासन् तास खेळणारा. यंत्र जेवढे जास्त वापरले जाईल, तेवढे लवकर झिजणार. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवर ऑन' या माहितीपटात या बिघाडाचे कारण उघडपणे सांगण्यात आले. यंत्र चालू-बंद करताना होणाऱ्या तापमानाच्या चढउतारामुळे सुट्या भागांच्या आतील जोडण्यांना तडे जात होते. म्हणजे रोज खेळणाऱ्याचे यंत्र आणि सणासुदीला खेळणाऱ्याचे यंत्र यांचे आयुष्य मुळातच सारखे नव्हते.

वॉरंटी विकणाऱ्या कंपनीची पाहणी याहून शिस्तीची होती. तिच्याकडे विकलेल्या करारांची यादी होती. त्यामुळे न बिघडलेली यंत्रेही हिशेबात आली. पण येथे पालखीच्या मुक्कामासारखी गळती होती. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने लाल कड्याच्या बिघाडासाठी तीन वर्षांची मोफत दुरुस्ती जाहीर केली. तेव्हापासून अनेक ग्राहक थेट कंपनीकडेच जाऊ लागले आणि ते बिघाड स्क्वेअरट्रेडच्या वहीत उमटेनासे झाले. आपला आकडा त्यामुळे प्रत्यक्षाहून कमी असू शकेल, हे त्या कंपनीने स्वतःच मान्य केले होते. दुसरीकडे, वाढीव वॉरंटी विकणाऱ्याला बिघाडाचा आकडा मोठा दिसण्यात रस असतो, हेही विसरून चालणार नाही.

काळ न सांगितलेला टक्का

'बिघाड ८ टक्के' या वाक्याला तसा अर्थ नाही. आठ टक्के कशात? पहिल्या वर्षात की तीन वर्षांत? दर वर्षी चालू यंत्रांपैकी ८ टक्के बंद पडत असतील, तर तीन वर्षांअखेर हजारातील सुमारे २२१ यंत्रे, म्हणजे २२ टक्के बंद पडलेली असतील. यंत्र तेच, बिघाड तोच. पण विक्रेता आठ सांगेल आणि टीकाकार बावीस. २००९ च्या मासिकाच्या पाहणीत काही वाचकांची यंत्रे साडेतीन वर्षांहून जुनी असणे शक्य होते, तर स्क्वेअरट्रेडचा आकडा दोन वर्षांचा होता. त्यांची तुलना म्हणजे नातवाच्या आणि आजोबांच्या दातांची तुलना.

मोजतो काय, हाही प्रश्न आहेच. एकाच ग्राहकाचे यंत्र तीनदा बदलून मिळाले, तर बिघाड एक की तीन? 'तुमचे यंत्र कधी बिघडले का?' या प्रश्नात ग्राहक मोजले जातात, यंत्रे नव्हे. डिस्क न वाचणे हा बिघाड धरायचा की नाही? प्रश्नाचे शब्द बदलले, की टक्काही बदलतो.

पैशाची साक्ष

मग खरा आकडा कोणता? तो कंपनीच्या दप्तरात असतो. मात्र कधी कधी ताळेबंद बोलून जातो. मोफत दुरुस्ती जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. त्या सुमारास, जून २००७ अखेर, बाजारात गेलेल्या यंत्रांची संख्या सुमारे १ कोटी १६ लाख होती. म्हणजे सरासरी प्रत्येक यंत्रामागे साधारण ९५ डॉलर. आता बिघाड खरोखर ५ टक्केच होता असे धरले, तर प्रत्येक बिघडलेल्या यंत्रावर १,९०० डॉलर खर्च येतो. नवे कोरे यंत्र ३९९ डॉलरना मिळत असताना! ही तरतूद पुढे होणाऱ्या दुरुस्त्यांसाठीही होती, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. तरीही ३ ते ५ टक्के या दाव्यावर विश्वास ठेवणे किती कठीण होते, हे त्यातून स्पष्ट होते.

पाहण्या सदोष असल्या म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत. २००९ च्या दोन्ही पाहण्यांतील क्रम पाहावा. मासिकाच्या पाहणीत एक्सबॉक्स ५४.२, सोनीचा 'प्लेस्टेशन ३' १०.६ आणि निन्टेंडोचा 'वी' ६.८ टक्के. स्क्वेअरट्रेडकडे अनुक्रमे २३.७, १० आणि २.७ टक्के. नेमक्या आकड्याबद्दल दोघींचे एकमत नाही, पण कोणते यंत्र अधिक बिघडते याबद्दल आहे. निरनिराळ्या दोषांच्या दोन पाहण्या एकाच दिशेकडे बोट दाखवतात, तेव्हा ती दिशा गांभीर्याने घ्यावी.

मोठा नमुना, मोठी चूक

'पण पंचवीस हजार लोकांनी सांगितले आहे' हा युक्तिवाद मात्र सावधपणे ऐकावा. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या 'बीईयूसी' या महासंघाने निन्टेंडो 'स्विच'च्या जॉय-कॉन या हातातील नियंत्रकाविषयी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. हात न लावताही पडद्यावरचे पात्र सरकत राहते, असा तो दोष. तक्रारींची संख्या होती सुमारे २५ हजार आणि त्यांपैकी ८८ टक्के प्रकरणांत नियंत्रक दोन वर्षांच्या आत बिघडला होता. हा ८८ टक्क्यांचा आकडा तक्रार करणाऱ्यांपैकीचा आहे, सगळ्या नियंत्रकांपैकीचा नव्हे. दोष व्यापक आहे व तो लवकर उद्भवतो, हे सिद्ध करण्यास तो पुरेसा आहे. शंभरातील अठ्ठ्याऐंशी नियंत्रक बिघडतात, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

हा धडा महाराष्ट्राला परका नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी तो १९४० च्या दशकात पिकांच्या बाबतीत दाखवून दिला होता. शेतातील छोटासा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज बांधण्याची पद्धत तेव्हा वापरली जात होती. तुकडा लहान असला, की कापणाऱ्याचा कल हद्दीवरची ताटे आत घेण्याकडे झुकतो आणि उत्पन्न प्रत्यक्षाहून जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. असे हजारो तुकडे कापले तरी चूक भरून निघत नाही, कारण प्रत्येक तुकड्यातील चूक एकाच बाजूची असते. योगायोगाने होणारी चूक संख्या वाढवली की कमी होते; पद्धतीतली चूक संख्येबरोबर फक्त अधिक ठाम वाटू लागते.

ग्राहकाने काय विचारावे?

बिघाडाचा कोणताही टक्का समोर आला, मग तो कन्सोलचा असो, मोबाइलचा की दुचाकीचा, तर पाच प्रश्न विचारावेत. माणसे निवडली कशी, की ती आपणहून आली? विचारलेल्यांपैकी उत्तर किती जणांनी दिले? बिघाड कशाला म्हटले आहे? किती महिन्यांच्या वापरातला हा आकडा आहे? आणि तो छापून कोणाचा फायदा होणार आहे? या प्रश्नांची उत्तरे पाहणीसोबत छापलेली नसतील, तर त्या टक्क्याला ऐकीव गोष्टीपेक्षा अधिक किंमत देऊ नये.

वाढीव वॉरंटीचा निर्णयही याच हिशेबाने करावा. तिची किंमत दुरुस्तीच्या खर्चाशी आणि त्या मुदतीतील बिघाडाच्या शक्यतेशी ताडून पाहावी. दुरुस्ती दहा हजारांची आणि शक्यता शंभरात दहा, तर सरासरी जोखीम हजार रुपयांची. वॉरंटीसाठी तीन हजार मागितले जात असतील, तर वरचे दोन हजार मनाच्या शांतीचे, हे समजून मोजावेत. शक्यता शंभरात चोपन्न आहे असे कोणी पटवून दिले, तर हेच तीन हजार स्वस्त वाटू लागतात. म्हणूनच टक्का सांगणाऱ्याला आधी विचारावे, 'मोजायला बसला होतात कुठे?' मोटारी भरणाऱ्या दुकानासमोर, की पालखीच्या मुक्कामावर?