दोन मिनिटांचा विमानप्रवास

मुंबईहून नागपुरास विमानानें निघालेल्या पाहुण्यांची वाट पाहतांना घरांतील हिशेबी मुलें एक प्रश्न हमखास काढतात. आकाशमार्गानें अंतर सुमारें 700 किलोमीटर. विमानाचा वेग ताशीं 800 च्या घरांत. मग वेळापत्रकांत जवळजवळ दीड तास कां लिहितात? प्रश्न रास्त आहे. वेळापत्रकांतील वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. विमान आपली जागा सोडतें तेव्हांपासून पलीकडील विमानतळावर थांबेपर्यंतचा सारा काळ त्यांत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगेंत सरकणें, उंच चढणें, सावकाश खालीं येणें, कधीं आकाशांतच घिरट्या घालणें, हें सर्व त्यांत आलें.

या हिशेबाचें अगदीं दुसरें टोक पाहावयाचें असेल तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहाकडे वळलें पाहिजे. तेथें वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे अशीं दोन शेजारचीं बेटें आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर अवघें 2.7 किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मोठ्या धावपट्टीच्या लांबीहूनही कमी! 1967 सालीं सुरू झालेल्या या फेरीस वेळापत्रकानें दोन मिनिटें दिलीं आहेत. विमान दोन पंख्यांचें, आठनऊ माणसांचें. एका उतारूस वैमानिकाच्या शेजारींच बसावयास मिळतें. ताशीं 240 किलोमीटर वेग धरल्यास त्रैराशिकानें चाळीस सेकंद येतात. प्रत्यक्षांतील विक्रम 53 सेकंदांचा आहे, आणि तोही वारा पाठीशीं होता म्हणून. वारा उलट असला कीं हाच प्रवास लांबतो.

जगांतील सर्वांत लहान नियमित विमानफेरी म्हणून हौशी प्रवासी दुरून येतात व प्रमाणपत्र घेऊन परततात. त्यांना हसण्याचें कारण नाहीं. आम्हीही तेंच केलें असतें. परंतु ही फेरी हौशीसाठीं निघालेली नाहीं. दाभोळच्या धक्क्यावरून समोर धोपावें दिसतें, तरी सडकेनें जावयाचें तर केवढा वळसा पडतो, हें कोंकणांतील वाचकांस सांगावयास नको. ऑर्कनींत तर वळसा घालावयासही सडक नाहीं. मध्यें उत्तरेचा समुद्र, आणि हिवाळ्यांत तो होडीला सहजीं वाट देत नाहीं. म्हणून कर्कवॉल या मुख्य गांवाहून निघालेलें विमान दोन्ही बेटांस शिवून परत येतें. त्यांतून शिक्षक येतात, डॉक्टर येतात, रोगी इस्पितळास जातात. केवळ भाड्यावर ही सेवा टिकणारी नव्हे. तिला स्थानिक सरकारी मंडळाचा आर्थिक आधार आहे, आणि तो योग्यच आहे असें आम्हांस वाटतें.

पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आंत आहे. याच बेटावर 'नॅप ऑफ हॉवर' नांवाचीं, पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं दगडी घरें अद्याप उभीं आहेत. इतक्या पुरातन वस्तीच्या ठिकाणीं आज तरुण कुटुंबानें राहावें कीं नाहीं, हें शाळा आणि वैद्य किती जवळ आहेत यावर ठरतें. लहान मुलांची शाळा बेटावर आहे. पुढील शिक्षणासाठीं मात्र त्यांना समुद्र ओलांडावा लागतो. आणि धुकें दाट उतरलें कीं त्या दिवशीं विमान येत नाहीं. मग होडीची वाट पाहावी लागते.