मलेशियातील सामाईक मेज

मलेशियात सहकुटुंब बाहेर जेवणे ही चैन मानली जात नाही. ती नित्याची रीत आहे. मलय, चिनी आणि भारतीय असे तीन मोठे समाज तेथे नांदतात. एकाला डुकराचे मांस निषिद्ध, दुसऱ्याला गाईचे. मग या साऱ्यांनी एका मेजाशी बसावे कसे?

चिनी कॉफीगृहाला तेथे ‘कोपीतियाम’ म्हणतात. त्याचा मालक स्वतः बहुधा पेयेच विकतो आणि खाद्यपदार्थ करणाऱ्यांना जागा भाड्याने देतो. आजोबांचा शेवयांचा रस्सा एका गाड्यावरून, नातवाचा परतलेला भात दुसऱ्या. पैसेही ज्याचे त्याला. सोय उत्तम! परंतु डुकराचे मांस शिजत असेल तेथे मुसलमान स्नेही येत नाही.

अशा वेळी मंडळी ‘मामाक’ खानावळीकडे वळतात. ही दुकाने तमिळ मुसलमानांची. नावातला ‘मामा’ मराठी कानालाही परका नाही. येथे डुकराचे मांस नसते, आणि गोमांस वर्ज्य असणाऱ्यास ‘रोटी चनाई’ व डाळीची आमटी मिळते. मैद्याचा तेलातुपात मुरलेला गोळा हवेत फिरवून पातळ करतात, घडी घालून तव्यावर भाजतात. सोबत उंचावरून ओतून फेसाळविलेला चहा, ‘तेह तारिक’. पुष्कळ दुकाने रात्रभर उघडी असतात.

२०२४ साली युनेस्कोने मलेशियाची न्याहारीची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली, त्यात हे दोन्ही पदार्थ आहेत. कडक शाकाहारी कुटुंब मात्र अजूनही केळीच्या पानावर भात वाढणारी भारतीय खानावळच शोधते.